साडेसात डोकी

मंगळवारी आणि गुरुवारी मी बसते.
एवढंच काम. तासावर पैसे, मध्ये दहा मिनिटं चहा,
पायाशी विजेची शेगडी,
जी उजव्या नडगीला भाजते आणि डाव्या नडगीला विसरते.

प्राध्यापक द्रोझ्दोव्स्का माझ्या टाचांभोवती
खडूची रेघ ओढतात,
म्हणजे चहा पिऊन परतल्यावर
मी पुन्हा तीच बाई व्हावी.

पहिल्या वर्षाची पोरं.
कुणी कपड्यांचं डिझाइन शिकायला आलंय, कुणी खुर्च्यांचं,
एकजण म्हणे नुसत्या अक्षरांचं.
आधी माणूस काढा, असं त्यांना सांगितलंय.
मग एक डोळा मिटून, पेन्सिल उभी धरून
ती माझं डोकं मोजतात.
साडेसात डोकी म्हणजे एक माणूस.
बसलेल्या माणसाची किती, ते मी विचारलं नाही.

याच हॉलमध्ये आमचे माग होते.
माझे आठ, खिडकीकडच्या रांगेत,
जिथे आता कायेतानचा बोर्ड उभा असतो.
आवाज असा, की दात हलायचे.
आम्ही ओठांनी बोलायचो, ओठच ऐकायचो.
गिरणी बंद झाली तोवर एक कान गेला होता,
पण ओठ वाचायची खोड गेली नाही,
आणि हे पोरांना कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून मला कळतं
ओलिव्हियाच्या घरचे अजून समजतात ती हिशेब शिकते.
झ्येमोवित कुणाला तरी सोडून आलाय
आणि रोज नव्या शेजाऱ्याला नव्याने सांगतो.
मागच्या ओळीतला एक म्हणाला,
म्हातारीचे गुडघे बटाट्यासारखे.
खरंय. बटाटेच आहेत.
पण त्याने काढली सफरचंदं.
पाहिलं एक, उतरवलं दुसरं.
हा अजून शिकायचाय.

ऑक्टोबरभर माझी मान लांब होती.
नोव्हेंबरात बाईंनी सगळ्यांची खोडरबरं
बिस्किटांच्या डब्यात गोळा केली,
झाकण दाबलं, आणि डबा ठेवला माझ्या मांडीवर.
चुकलं तर चुकू दे, म्हणाल्या,
त्याच्याच शेजारी बरोबर काढा.
मला पटलं.
तुटलेला धागा काही पुसता येत नाही.
गाठ मारायची, पुढे जायचं,
गाठ कापडात राहते.

किंगा नावाची मुलगी फारशी बोलत नाही.
तिचे ओठ वाचायला काही मिळत नाही.
एकदा चहाच्या वेळी जवळ आली,
माझ्या चांगल्या कानाकडून (तिला कसं कळलं कुणास ठाऊक)
आणि म्हणाली,
तुमचा उजवा हात मला जमत नाहीये,
तो थांबतच नाही.

मी खाली पाहिलं.
अंगठा आणि तर्जनी, एकमेकांवर,
काहीच नसलेल्या काहीतरीला
गाठ मारत होती.
इतके महिने मी न हलण्याचे पैसे घेतले!

मग माझ्या स्वेटरच्या बाहीचं एक सुटलेलं टोक ओढून
तिला दाखवलं: हे असं वर, हे खालून,
नखाने दाबायचं, ओठांनी नाही.
सात वेळा चुकली.
आठव्यांदा जमलं तेव्हा हसली नाही,
नुसती ओढून पाहिली. तेही मला पटलं.

जूनमध्ये भिंतीवर सगळी मी.
मी जाडी, मी राणी, मी पोतं,
एका ठिकाणी मला तीन पाय.
किंगाच्या कागदावर डोकंच नाही,
साडेसातातलं एकही नाही.
एकावर एक काढलेला हात, अकरा वेळा,
न पुसलेला,
आणि अकराव्यातही बोटांच्या मध्ये
तिने कागद तसाच कोरा सोडलाय.
कायेतानची आई म्हणाली, राहिलंय वाटतं.

नवं वर्ष, नवी पोरं.
उन्हाळ्यात कुणीतरी फरशी घासली होती,
खडूची रेघ गेली होती.
अंदाजाने बसले. कुणाला काही वाटलं नाही.
किंगा आता वरच्या मजल्यावर असते,
काहीतरी न्यायला आली होती.
दारातून पाहिलं, आत आली,
वाकून माझा डावा पाय
दोन बोटं आत सरकवला,
आणि गेली.